गडकऱ्यांचें शेवटचें युद्ध

कोल्हापुराहून गारगोटीकडे जाणारा रस्ता कागल तालुक्यांतील बिद्री या गांवावरून जातो. दूधगंगेच्या खोऱ्यांतून तो मुधाळच्या तिठ्यावर येतो, पुढें वेदगंगेच्या कांठीं गारगोटीस पोंचतो, आणि गारगोटीच्या पलीकडे भुदरगडाचा सपाट माथ्याचा डोंगर दिसूं लागतो. बिद्रीचें नांव निघालें म्हणजे आज दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना आठवतो. हंगामांत या रस्त्यावर उसानें भरलेल्या गाड्यांची रीघ लागलेली असते. परंतु या रस्त्याच्या शेवटीं जो गड उभा आहे, त्याचे दरवाजे १८४४ सालीं एके दिवशीं आंतून बंद झाले, आणि त्यांतून जें युद्ध उद्भवलें त्यानें सह्याद्रीवरील किल्ल्यांचें युग कायमचें संपविलें, ही हकीकत मात्र फारच थोड्यांच्या ध्यानांत आहे.

१८४५ पासून १८४९ पर्यंत पंजाबांत इंग्रज व शीख यांच्यांत ज्या घनघोर लढाया झाल्या, त्यांचीं नांवें शाळेंतील मुलांनाही पाठ असतात. मुदकी, फिरोजशहा, सोब्राव, चिलियनवाला, गुजरात हीं नांवें हिंदुस्थानच्या इतिहासांत कोरलीं गेलीं आहेत. त्यांच्या मानानें कोल्हापूरच्या गडकऱ्यांचें युद्ध आकारानें लहान होतें. पण दोहोंमागील कारणें इतकीं सारखीं आहेत कीं, एकाचा अभ्यास केला म्हणजे दुसऱ्याचा उलगडा आपोआप होतो. शिखांच्या सैन्यानें सतलज ओलांडण्याच्या आधीं अवघें एक वर्ष कंपनी सरकारनें तोच डाव आपल्या घराजवळ खेळून पाहिला होता.

गडकरी म्हणजे कोण, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. शिवकालीं प्रत्येक किल्ल्यावर हवालदार, सबनीस व कारखानीस असे अधिकारी असत. दरवाजांच्या किल्ल्या, हजेरीपट व जमाखर्च, आणि कोठारांतील धान्य व दारूगोळा यांची जबाबदारी अशी वांटून दिलेली होती कीं, एकट्याच्या मनांत फितुरी आली तरी गड शत्रूच्या हातीं जाऊं नये. या अधिकाऱ्यांच्या हाताखालीं शिबंदी असे. शिबंदींतील शिपायांच्या निर्वाहाकरितां गडाखालच्या जमिनी लावून दिलेल्या असत. बाप थकला म्हणजे मुलगा पहाऱ्यावर उभा राही, आणि जमीनही त्याच्याकडे चालू राही. अशा रीतीनें पिढ्यान् पिढ्या एकाच गडाशीं बांधलेलीं जीं घराणीं निर्माण झालीं, तेच गडकरी होत.

या व्यवस्थेचें मर्म तिच्या साधेपणांत होतें. रोख पगार देणारें सरकार पैसा संपला कीं दुबळें होतें. जमिनीवर पोसलेला पहारेकरी खजिना रिकामा असतांही पहारा करीत राहतो. गड राखला तर आपलें शेत राहील आणि शेत राहिलें तर आपलें कुटुंब जगेल, हें त्याला कोणी शिकवावें लागत नसे. कोल्हापूर राज्याचे जुने आधारस्तंभ रामचंद्रपंत अमात्य यांनीं लिहिलेल्या ‘आज्ञापत्रां’त किल्ल्यांचें प्रकरण इतकें विस्तारानें आलें आहे, त्याचें कारणही हेंच. किल्ले हातीं असले तर गेलेलें राज्य परत मिळवितां येतें, हा औरंगजेबाशीं झुंजतांना आलेला अनुभव त्या ग्रंथाच्या पाठीशीं होता.

पुढें काळ बदलला. १८१२ सालच्या तहानें कोल्हापूरकरांनीं मालवण इंग्रजांस दिलें. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. पेशव्यांचें मोठें राज्य गेलें आणि कोल्हापूरचें लहान राज्य टिकलें. पण टिकलें तें इंग्रजांच्या सावलींत. १८२६ पासून १८२९ पर्यंत एकामागून एक तह झाले. त्यांनीं महाराजांच्या फौजेस मर्यादा घातली, आणि राज्याचा कारभारी नेमण्याच्या कामींही इंग्रज सरकारचा हात शिरला. तरीसुद्धां सामानगड, भुदरगड, पन्हाळा, पावनगड, विशाळगड व रांगणा या किल्ल्यांवर गडकऱ्यांची चौकी पूर्ववत् चालू होती. राजाची सत्ता कागदावर आखडत होती. गडावरचा शिपाई मात्र आपल्या आजोबांप्रमाणेंच दिवस मावळतां दरवाजा लावीत होता.

शहाजी महाराज ऊर्फ बुवासाहेब २९ नोव्हेंबर १८३८ रोजीं मरण पावले. गादीवर आलेले शिवाजी महाराज ऊर्फ बाबासाहेब हे अल्पवयी होते. त्यांच्या वतीनें कारभार पाहण्यास मंडळ नेमलें गेलें. त्यांत राजमाता, ‘दिवाणसाहेब’ या नांवानें ओळखली जाणारी राजघराण्यांतील वडीलधारी स्त्री, आणि चार कारभारी होते. एका म्यानांत दोन तलवारी राहात नाहींत. येथें तर त्याहून अधिक होत्या. मंडळांत तंटे माजले, आणि सारी सत्ता हळूहळू दिवाणसाहेबांच्या हातीं एकवटली. कारभार विसकटला, कर्जाचा बोजा वाढला, तक्रारी इंग्रजांच्या कानांवर जाऊं लागल्या. शेवटीं तहाचा आधार घेऊन इंग्रज सरकारनें दाजी कृष्ण पंडित यांस कारभारी नेमलें.

पंडितांची बाजू न्यायानें मांडली पाहिजे. वसुलाचे हिशेब लावणें, नेमणुका तपासणें, फाजील खर्च कमी करणें, हीं कामें कोणत्याही दक्ष कारभाऱ्यानें करावयाचींच असतात. हत्यारबंद लोकांच्या हातीं गांवोगांवच्या जमिनी, त्यांच्यावर वेगळे अधिकारी, आणि दरबारच्या दप्तरांत त्यांचा धड पत्ता नाहीं, ही स्थिति नव्या पद्धतीच्या कारभाऱ्यास खटकावी यांत नवल नव्हतें. म्हणून किल्ल्यांवरील जुने अधिकारी दूर करून किल्ले व त्यांच्याकडील जमिनी मामलेदारांच्या ताब्यांत देण्याचें ठरलें. दप्तरांत पाहिलें तर ही केवळ एक सुधारणा होती. एक खातें बंद होऊन दुसऱ्या खात्यांत मिळविलें जात होतें.

गडावरून पाहिलें तर तीच गोष्ट निराळी दिसत होती. मामलेदार हा गडाचा माणूस नव्हे. तो वसुलाचा माणूस. आज त्याच्या हातीं जमिनीचें दप्तर गेलें, तर उद्यां तो सनद मागेल. परवां सनदेंत खोट काढील. तेरवां सारा बसवील. ज्या जमिनीच्या बळावर घराण्यानें गडाची सेवा केली, ती जमीन सरकारची मेहेरबानी ठरेल, आणि गडकरी हा कुळासारखा होऊन बसेल. शिवाय हा हुकूम कोणाचा, असाही प्रश्न होता. महाराज अल्पवयी, कारभारी इंग्रजांनीं नेमलेला. ज्या राजघराण्याचें अन्न खाल्लें, त्याच्या तोंडचा शब्द हा खरोखर आहे काय, ही शंका त्या साध्या शिपायांच्या मनांत आली, आणि ती अगदींच निराधार होती असें म्हणतां येणार नाहीं.

सामानगड आणि भुदरगड येथील गडकऱ्यांनीं १८४४ च्या पावसाळ्यांत दरवाजे बंद केले आणि मामलेदारांच्या माणसांस आंत घेण्याचें नाकारलें. सामानगड गडहिंग्लज तालुक्यांत आहे. प्रतापराव गुजरांनीं सहा सोबत्यांनिशीं बहलोलखानाच्या फौजेवर १६७४ सालीं जेथें उडी घेतली, तें नेसरी गांव त्याच्याच टापूंत. अशा मुलखांत हत्यार ठेवण्याचा हुकूम मुकाट्यानें मानला जाणें कठीणच होतें. तरीही एवढें लक्षांत ठेवलें पाहिजे कीं, गडकऱ्यांनीं आरंभीं कोणाच्या मुलखावर स्वारी केली नाहीं. त्यांनीं फक्त दरवाजा लावला. दरवाजा लावणें हेंच त्यांचें पिढीजात काम होतें.

बेळगांवाहून इंग्रज फौज निघाली. जनरल डेलामोट हा तिचा सेनापति होता. सप्टेंबरांत सामानगडास वेढा पडला. वेढा चालू असतांनाच वणवा कोल्हापूर शहरांत पोंचला. तेथील शिबंदी उठली. बाबाजी आहिरेकर यांनीं पुढाकार घेऊन कारभार हातीं घेतला, आणि दाजी पंडितांस कैद केलें. आतां हें दोन गडांचें भांडण राहिलें नाहीं. राज्यच उठलें होतें. पुढें साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हान्स प्रवासांत असतां उठाववाल्यांच्या हातीं सांपडले, आणि त्यांना पन्हाळ्यावर अटकेंत ठेवण्यांत आलें. कंपनीचा एवढा मोठा अधिकारी मराठ्यांच्या किल्ल्यांत बंदी व्हावा, ही वार्ता मुंबई सरकारला झोंबल्यावांचून राहिली नाहीं.

१३ ऑक्टोबर १८४४ रोजीं सामानगडावर हल्ला होऊन तो इंग्रजांच्या हातीं पडला. सिंधमधील कामगिरीनें नांवाजलेले औट्रम हे या सुमारास मोहिमेवर रुजू झाले होते. लढाई व वाटाघाटी या दोन्हींचा मेळ घालण्यांत ते वाकबगार होते, आणि सरकारलाही तेंच हवें होतें. सामानगड पडतांच इंग्रज फौज कोल्हापुराकडे वळली. शहर त्यांच्या ताब्यांत गेलें. भुदरगडही टिकला नाहीं. उठाववाल्यांपैकीं जे मागें हटले नाहींत, ते पन्हाळ्यावर एकवटले.

पन्हाळ्याची कीर्ति मोठी. १६६० सालीं सिद्दी जौहरानें चार महिन्यांहून अधिक काळ येथें शिवाजी महाराजांस कोंडून धरलें. तरी महाराज पावसाळी रात्रीं निसटून विशाळगडास गेले आणि बाजीप्रभूंनीं खिंड लढविली. १६७३ सालीं कोंडाजी फर्जंदांनीं मूठभर मावळ्यांनिशीं हाच गड घेतला. १७०१ सालीं तो घेण्याकरितां खुद्द औरंगजेबास येथें येऊन तळ द्यावा लागला. असा हा किल्ला १८४४ च्या हिवाळ्यांत पुन्हां एकदां लढावयास उभा राहिला. ओव्हान्स यांची सुटका निर्वाणीच्या हल्ल्यापूर्वीं झाली. बंदीवान हातीं ठेवून तह पदरांत पाडून घेण्याची संधि गेली. १ डिसेंबर १८४४ रोजीं इंग्रजी तोफांनीं पाडलेल्या खिंडारांतून पलटणी आंत घुसल्या आणि पन्हाळा पडला. त्याबरोबर पावनगडही गेला, आणि आहिरेकरांच्या सरकारचीही अखेर झाली.

निकाल देणारी लढाई ती हीच. तिच्यानंतर लढाई थांबली असें नव्हे. उठाव सावंतवाडीच्या रानांत उतरला. फोंड सावंत तांबूळकर यांच्यासारख्यांनीं तो पेटता ठेवला. मनोहर व मनसंतोष या गडांभोंवतीं चकमकी झाल्या. १८४५ च्या जानेवारींत ते गडही गेले, आणि उरलेल्यांनीं गोव्याचा आसरा घेतला. पण पन्हाळा पडला तेव्हांच निवाडा झाला होता. ज्या गडानें शत्रूंस महिनोन् महिने तिष्ठत ठेवलें, तो वेढ्याच्या अवजड तोफांपुढें टिकत नाहीं, हें सर्वांच्या डोळ्यांदेखत सिद्ध झालें. गडाचें सामर्थ्य वेळ काढण्यांत असतें. बाहेरून कुमक यावयाची असेल, पाऊस शत्रूस हैराण करणार असेल, रसद तुटून वेढा उठणार असेल, तर काढलेला वेळ कामास येतो. १८४४ सालीं गडकऱ्यांस कुमक करणारा कोणीही राहिला नव्हता. पावसाळा संपला होता. आणि शत्रूच्या पाठीशीं मुंबई व मद्रास हे दोन इलाखे होते.

आणखी एक कटु सत्य आहे. खिंडारांतून आंत घुसणाऱ्या फौजेंत गोऱ्या शिपायांबरोबर देशी पलटणीही होत्या. मुंबई लष्करांत कोंकणांतील व देशावरील मराठी शिपाई पुष्कळ असत. त्यांना दरमहा रोख पगार मिळे, कवायत मिळे, म्हातारपणीं निवृत्तिवेतनाची आशा असे. तटाच्या आंत जमिनीवर पोसलेला शिपाई, तटाबाहेर पगारावर पोसलेला शिपाई. भाषा पुष्कळदां एकच. दोन पद्धतींची ही टक्कर होती, आणि तींत जुनी पद्धति हरली.

विजयानंतर इंग्रजांनीं काय केलें, यावरून त्यांना भय कशाचें होतें हें कळतें. त्यांनीं किल्ले निकामी केले. पन्हाळ्याच्या पूर्वेचा भव्य चार दरवाजा तेव्हां जमीनदोस्त झाला. आज प्रवासी तीन दरवाजाचें नक्षीकाम पाहून थक्क होतात, चार दरवाजाचे मात्र अवशेषच पाहावयास मिळतात. सामानगड व भुदरगड यांच्याही तटबंदीची मोडतोड झाली. वंशपरंपरागत शिबंदीची पद्धति रद्द झाली. जुनी शिबंदी मोडून तिच्या जागीं इंग्रज अंमलदारांच्या हुकुमांतील पलटण उभी राहिली. राज्याचा कारभार इंग्रज पोलिटिकल सुपरिंटेंडेंटकडे गेला. आणि मोहिमेचा खर्च कोल्हापूर राज्याच्या खात्यांत कर्ज म्हणून लिहिला गेला! ज्या रयतेच्या मुलखांत तोफा धडाडल्या, त्याच रयतेनें त्या तोफांचें भाडें भरावें, असा हा हिशेब होता. बाबासाहेब महाराजांस राज्याधिकारांविषयीं नवा करार मिळण्यास १८६२ साल उजाडावें लागलें.

आतां पंजाबाकडे वळावें. रणजितसिंह २७ जून १८३९ रोजीं वारले. कोल्हापूरच्या बुवासाहेबांच्या नंतर अवघ्या सात महिन्यांनीं. तेथेंही खून-कारस्थानांनंतर १८४३ सालीं दुलीपसिंह हें पांच वर्षांचें मूल गादीवर बसलें, आणि त्याच्या वतीनें राजमाता जिंदां कारभार पाहूं लागली. तेथेंही दरबार दुबळा आणि सैन्य प्रबळ, अशी स्थिति झाली. खालसा सैन्याच्या पंचायती राजकारणाचे निर्णय घेऊं लागल्या. डिसेंबर १८४५ मध्यें शिखांनीं सतलज ओलांडली. मुदकी व फिरोजशहा येथें त्यांनीं इंग्रजांस जेरीस आणलें. परंतु लालसिंह व तेजसिंह या सेनापतींचें मन लढाईंत नव्हतें. १० फेब्रुवारी १८४६ रोजीं सोब्राव येथें सतलजेच्या कांठीं अखेरची झुंज झाली. पाठीमागचा नावांचा पूल तुटला, हजारों शीख नदींत बुडाले, आणि वृद्ध सरदार शामसिंह अटारीवाले रणांत पडले. ९ मार्चच्या लाहोरच्या तहानें मुलूख गेला, सैन्य कापलें गेलें, आणि दीड कोट रुपयांचा दंड बसला. वर्ष संपण्यापूर्वीं लाहोरच्या दरबारावर इंग्रज रेसिडेंट बसला.

यानंतर जें घडलें, तें तर सामानगडाचीच मोठी आवृत्ति होती. १८४८ च्या एप्रिलांत मुलतानचा दिवाण मूलराज यानें सोडलेली जागा घेण्यास लाहोरहून नवा सुभेदार पाठविण्यांत आला. बरोबर दोन इंग्रज अधिकारी होते. किल्ला ताब्यांत देण्याच्या प्रसंगींच शिपायांचा क्षोभ झाला, आणि दोघेही इंग्रज मारले गेले. त्यांतून दुसरें शीख युद्ध पेटलें. २१ फेब्रुवारी १८४९ रोजीं गुजरातच्या लढाईंत शीख सैन्य मोडलें, आणि मार्च अखेर पंजाब खालसा झाला. मुलतानांत काय, सामानगडावर काय, ठिणगी एकाच ठिकाणीं पडली. परक्या सरकारनें पाठविलेला माणूस किल्ल्याच्या किल्ल्या मागूं लागला, आणि पिढ्यान् पिढ्या पहारा करणाऱ्या हातांनीं त्या दिल्या नाहींत.

दोहोंत एक फरक मात्र मोठा आहे. पंजाबांत शिखांपाशीं युरोपीय पद्धतीनें तयार केलेला उत्कृष्ट तोफखाना होता. हानि झाली ती मुख्यतः सेनापतींच्या अप्रामाणिकपणामुळें. कोल्हापुरांत फितुरी हें पराभवाचें मूळ नव्हे. येथें शिपाई होते, पण सैन्य नव्हतें. प्रत्येक गड आपापल्या तटाआड लढला. सामानगडास वेढा पडला तेव्हां पन्हाळा स्वस्थ राहिला, आणि पन्हाळ्याची वेळ आली तेव्हां सामानगड पडून दीड महिना लोटला होता. एकेक गड राखावयाचें ज्यांना उत्तम माहीत होतें, त्यांना सगळें राज्य एकत्र राखण्याचा अधिकार व अभ्यास कोणी दिलेलाच नव्हता. पराभवाचें खापर एकट्या गडकऱ्यांवर फोडणें म्हणूनच अन्यायाचें आहे. ज्या दरबारानें कित्येक वर्षें आपसांत भांडण्यांत घालविलीं, त्याच्या चुकीची किंमत पहारेकऱ्यांनीं चुकविली.

उठावाचा परिणाम मात्र वायां गेला नाहीं. ३१ जुलै १८५७ रोजीं कोल्हापुरांत २७ व्या देशी पलटणीनें बंड केलें, तेव्हां राजबंधु चिमासाहेब यांच्यावर इंग्रजांचा संशय गेला, आणि त्यांना कराचीस हद्दपार करण्यांत आलें. तेरा वर्षांपूर्वीं किल्ले पाडून व हत्यारें काढून घेऊनही कोल्हापूरच्या मनांतील अस्वस्थता गेली नव्हती, हें त्यावरून दिसून येतें. तटबंदी पाडतां येते. परंतु ज्या विश्वासावर ती उभी असते तो मोडला म्हणजे नवीन सरकारासही रात्रीं सुखाची झोंप लागत नाहीं.

सुधारणा चांगली असूं शकते, आणि ती करणारा प्रामाणिकही असूं शकतो. दाजी पंडितांच्या हिशेबांत कदाचित् चूक नसेल. पण त्या हिशेबांत एक रक्कम धरलेलीच नव्हती. माणसानें आपल्या वाडवडिलांच्या शब्दाकरितां किती त्याग करावा, याला दप्तरांत रकाना नसतो. गडकऱ्यांशीं अगोदर बोललें गेलें असतें, त्यांच्या जमिनीविषयीं भरंवशाचा कागद दिला गेला असता, तर सामानगडाचा दरवाजा कदाचित् उघडाच राहिला असता. हुकूम आधीं आला आणि समजूत मागून. मधल्या जागेंत तोफा आल्या.

आज गडकरी हें पुष्कळ मराठी घराण्यांचें आडनांव आहे. त्याचा अर्थ काय, हें त्या घरांतील मुलांना सांगितलें गेलें पाहिजे. भुदरगडावर भैरवनाथाचें देऊळ आहे, मोठें तळें आहे, ढासळलेला तट आहे. बिद्रीवरून गारगोटीस जाणाऱ्या प्रवाशानें थोडी वाट वांकडी करून तेथें जावें. पडक्या तटाचे दगड पाहून शिवकालाची आठवण होते, आणि ती होणें योग्यच आहे. परंतु त्या पडझडीला केवळ ऊन-पाऊस कारण नाहीं. अखेरच्या पहारेकऱ्यांनीं गड सोडला नाहीं, म्हणून तो मुद्दाम निकामी करावा लागला, हेंही त्या दगडांनीं सांगितलेलें ऐकावें.